पेंढ्यात अडकलेली साखर आणि ती सोडवणारे एन्झाइम

भाताचा एक घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिटभर चघळत राहा. हळूहळू तो गोडसर लागायला लागतो. आता ज्या रोपाला तो तांदूळ लागला, त्याच रोपाची वाळलेली काडी, म्हणजे पेंढा, चघळून पाहा. तासभर चघळला तरी गोडवा नाही, दात मात्र दुखतील.

गंमत अशी की दोन्हींत साखर भरपूर आहे, आणि तीही एकच. तांदळातला स्टार्च ही ग्लुकोजच्या कणांची साखळी. पेंढ्यातलं सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजच्याच कणांची साखळी. आपल्या लाळेला पहिली साखळी तोडता येते, दुसरी येत नाही. ती दुसरी साखळी कारखान्यात, मोठ्या प्रमाणावर आणि परवडेल अशा खर्चात कशी तोडायची, हा प्रश्न आज आपल्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

हा विषय बातम्यांत आला कुठून?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी २०३० सालासाठी होतं, ते सरकारने २०२५-२६ वर आणलं. इथेनॉल म्हणजे साखर आंबवून केलेला अल्कोहोल. साखर कुठून आणायची? आपल्याकडे ती येते उसाच्या रसातून, मळीतून, मक्यातून आणि तांदळातून. म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाणाऱ्या मालातूनच. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा त्याचा दणका महाराष्ट्रातल्या कारखान्यांना बसला. मग भार मक्यावर आला, तर कोंबडीखाद्य महागल्याची ओरड पोल्ट्रीवाल्यांनी केली.

त्याच वेळी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणात भाताचं काड शेतातच पेटवलं जातं आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. कुणाच्याही मनात येईल की अन्न कशाला वापरता, त्या काडाचंच इथेनॉल करा ना.

तसं करतातही. १० ऑगस्ट २०२२ रोजी हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या अशा कारखान्याचं उद्घाटन झालं. खर्च ९०० कोटींहून अधिक. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचं काड घ्यायचं आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, अशी त्याची आखणी. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन झालं. रस, मळी, धान्य यांपासूनचं ते पहिल्या पिढीचं इथेनॉल आणि काड, चिपाड, बांबू, लाकूड यांपासूनचं ते दुसऱ्या पिढीचं. बातम्यांत त्याला टूजी म्हणतात. मोबाइलच्या टूजीशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दोन्ही पिढ्यांचं इथेनॉल हा एकच रेणू आहे. गाडीच्या इंजिनाला त्यातला फरक कळणार नाही. सगळा फरक आहे तो साखर कुठे आणि किती घट्ट अडकली आहे, यात.

मणी एकच, माळा दोन

स्टार्चच्या साखळीत ग्लुकोजचे सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले असतात. त्यामुळे साखळीला पीळ पडतो, ती स्प्रिंगसारखी वेटोळी होते. वेटोळ्यांच्या फटीत पाणी सहज शिरतं, म्हणूनच तांदूळ शिजतो, फुलतो, मऊ होतो. रोपाने हा साठा बीजासाठी ठेवलेला असतो. अंकुराला भूक लागली की तो पटकन वापरता यायला हवा, त्यामुळे तो सैलच ठेवलेला बरा.

सेल्युलोजमध्ये मणी तेच, पण प्रत्येक दुसरा मणी उलटा करून ओवलेला. एवढ्याशा फरकाने साखळी ताठ सरळ होते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, एकमेकींना धरून ठेवतात आणि त्यांचा चिवट धागा बनतो. इतका घट्ट की पाण्याचा थेंबही मध्ये शिरायला तयार नाही. कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. सुती सदरा वर्षानुवर्षं धुतला तरी तो पाण्यात विरघळत नाही, यामागे हीच घडण आहे. रोपाला उभं राहायचंय, वारा सोसायचाय, किडीला दाद द्यायची नाही. त्यामुळे हा माल त्याने मुद्दामच तोडायला कठीण केला आहे.

१८३३ साली फ्रान्समध्ये आन्सेल्म पायें या रसायनशास्त्रज्ञाने जाँ-फ्रान्स्वा पर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या बार्लीतून एक पदार्थ वेगळा काढला, जो स्टार्चची साखर करत होता. माणसाने वेगळं काढलेलं ते पहिलं एन्झाइम. पाच वर्षांनी, १८३८ मध्ये, याच पायेंने लाकडातून सेल्युलोज वेगळं काढलं. या एकाच माणसाच्या हाती कुलूपही लागलं आणि किल्लीची कल्पनाही लागली. ती किल्ली या कुलपाची नव्हती, एवढंच. या कुलपाची किल्ली सापडायला पुढे शंभरहून अधिक वर्षं गेली.

एन्झाइम म्हणजे काय, तेही सांगतो. पाठ्यपुस्तकात त्याला विकर म्हणतात. जिवंत पेशीने बनवलेलं हे प्रथिन एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणतं आणि स्वतः खर्ची पडत नाही. विरजणातले जिवाणू दुधाचं दही करतात ते आपल्या एन्झाइमच्या बळावर. प्रत्येक एन्झाइमचं काम एकच. स्टार्च तोडणारं एन्झाइम सेल्युलोजकडे ढुंकूनही पाहत नाही.

काडीची भिंत कुडाची असते

सेल्युलोज नुसतं असतं तरी एक वेळ सोपं होतं. पण काडीत ते एकटं नसतं.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला कुडाची भिंत पाहिली असेल तर पुढचं लगेच समजेल. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, त्या आडव्या काठ्यांना दोरीने किंवा वेलीने बांधायच्या आणि वरून माती-शेणाचं लिंपण द्यायचं. रोपाच्या पेशीची भिंत अगदी अशीच असते. सेल्युलोजचे धागे म्हणजे कारवीच्या काठ्या. त्यांना बांधणारी दोरी म्हणजे हेमिसेल्युलोज. हीसुद्धा साखरेचीच साखळी, पण वेगवेगळ्या साखरांची, फाटे फुटलेली आणि बरीच ढिली. आणि सगळ्यावरचं लिंपण म्हणजे लिग्निन. लिग्निनमध्ये साखर अजिबात नाही. तो एक कडक, पाणी न लागू देणारा, गुंतागुंतीचा पदार्थ आहे. लाकडाला लाकूडपण येतं ते त्याच्यामुळे.

उसाच्या चिपाडात, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, कोरड्या वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज आणि साधारण पाचवा हिस्सा लिग्निन असतं. भाताच्या काडात लिग्निन कमी, पण एक वेगळीच पीडा असते, ती म्हणजे सिलिका, म्हणजे वाळूच. पेंढा हातावर घासला की ओरखडे उठतात ते तिच्यामुळे. कारखान्यातली पाती, पंप, पाइप यांनाही ती तशीच ओरखडते.

तर लिंपण फोडायचं, दोऱ्या सोडायच्या, मग काठ्यांना हात घालायचा. कुठलंही एन्झाइम अख्ख्या भिंतीवर नुसतं ओतून काही होत नाही. आतली काठी त्याला दिसतच नाही.

सैन्याच्या तंबूला लागलेली बुरशी

निसर्गात हे काम रोज चालू असतं. जंगलात पडलेलं झाड काही वर्षांत माती होतं. पेंढ्याच्या पिशव्यांत धिंगरी अळंबी उगवते, ती त्या पेंढ्यावरच जगते. गाईच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. सेल्युलोज तोडणारं एन्झाइम ते बनवतात, गाय नव्हे. ती घास पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, म्हणजे या पाहुण्यांसाठी माल बारीक करून देते. वाळवीच्या पोटातही असेच भाडेकरू असतात.

कारखान्याला उपयोगी पडलेली बुरशी मात्र युद्धात सापडली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि कपडे दमट हवेत भराभर कुजायला लागले. हे थांबवायचं कसं, म्हणून सैन्याच्या प्रयोगशाळेने कुजक्या कापडांवरच्या हजारो बुरश्या गोळा केल्या. त्यातली बूगनव्हिल बेटावरची एक बुरशी कापूस फस्त करण्यात सगळ्यांच्या पुढे होती. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. सुरुवातीला उद्देश हाच की तिला रोखायचं कसं. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, पेट्रोल महागलं आणि प्रश्न पार उलटा झाला. तिला आणखी भुकेली कशी करायची, हे शोधायचं ठरलं. पुढे १९७७ मध्ये रीज यांच्या नावावरूनच तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसाय असं ठेवण्यात आलं.

मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. आज जगभर सेल्युलोज तोडण्यासाठी वापरली जाणारी या बुरशीची औद्योगिक वाणं त्या एकाच कुजक्या तंबूवरच्या नमुन्याची वंशज आहेत. निवड करत, जनुकं बदलत तिला इतकं तयार केलंय की टाकीतल्या एका लिटर द्रवात ती १०० ग्रॅमपर्यंत प्रथिन सोडते. एकट्या बुरशीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

आणि ही बुरशी तुमच्या घरी कधीच येऊन गेली आहे. जीन्सला जुनाट, विटका रंग यावा म्हणून ती पूर्वी प्युमिस नावाच्या सच्छिद्र दगडांबरोबर धुवायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दगडांऐवजी सेल्युलोज तोडणारं एन्झाइम वापरायला सुरुवात झाली. ते कापडाचा वरचा केसाळ थर अलगद खातं, निळा रंग सुटतो आणि मशीनही दगडांनी झिजत नाही. धुण्याच्या पावडरीतही सुती कपड्यावरचे गोळे काढायला ते घालतात. तिथे थोडंसंच तोडायचं असतं, म्हणून ते परवडतं. इंधनासाठी सगळंच्या सगळं तोडायचं असतं, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो.

टोळीने करायचं काम

सेल्युलोज तोडणारं एन्झाइम एक नसतं, टोळी असते. फडातली ऊसतोड डोळ्यांपुढे आणा. एकजण कोयत्याने बुडखा छाटतो, दुसरा वाढं तोडून टिपरी सवळतो, तिसरी मोळी बांधून गाडीकडे नेते.

इथेही तसंच. पहिलं एन्झाइम साखळीवर मध्येच कुठेतरी घाव घालतं, म्हणजे नवी टोकं मोकळी होतात. दुसरं ते मोकळं टोक पकडतं. त्याचा आकार बोगद्यासारखा असतो. सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी साखळी त्यातून सरकते आणि दोन-दोन मण्यांचे तुकडे पडत जातात. तिसरं एन्झाइम त्या जोडीचे दोन सुटे मणी करतं. ते झालं ग्लुकोज, जे यीस्टला, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, खाता येतं.

आता मोळ्या उचलणारंच कुणी नसेल तर? फडात मोळ्यांचा ढीग साचतो आणि तोडणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. एन्झाइमच्या टोळीचं अगदी हेच होतं. दोन मण्यांचे तुकडे साचले की ते बोगद्यात अडकून बसतात आणि काम थंडावतं. रीजच्या बुरशीत हे तिसरं एन्झाइम मुळातच कमी असायचं. ते वाढवल्यावर मोठा फरक पडला. २०१० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी आणखी एका प्रकारच्या एन्झाइमची करामत दाखवून दिली. ते घट्ट धाग्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या साहाय्याने चिरा पाडतं, म्हणजे बाकीच्यांना शिरायला वाट मिळते. आजच्या व्यापारी मिश्रणांत त्याचाही समावेश असतो.

आधी वाफ, मग एन्झाइम

कारखान्यात काय घडतं ते थोडक्यात असं. काडाच्या गाठी सोडून, दगड-माती काढून ते बारीक करतात. मग मोठ्या दाबपात्रात १६० ते २०० अंशांच्या वाफेत काही मिनिटं ठेवतात. अनेक ठिकाणी थोडं ॲसिडही घालतात. घरच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. काही पद्धतींत दाब एकदम सोडतात. लाही जशी आतल्या वाफेने फुटते, तशी काडी आतून फुटते. हेमिसेल्युलोज बरंचसं विरघळतं, लिग्निन वितळून जागचं हलतं, भिंत खिळखिळी होते.

मग लगदा ५० अंशांच्या आसपास थंड करून, थोडा आंबट ठेवून त्यात एन्झाइम घालतात आणि ढवळत ठेवतात. किती वेळ? दोन ते चार दिवस. धान्याच्या कारखान्यात स्टार्च तोडायला काही तास पुरतात. म्हणजे तेवढाच माल काढायचा तर टाक्या कितीतरी पटींनी मोठ्या लागतात. एन्झाइमही जास्त लागतं, एक किलो सेल्युलोजमागे साधारण १० ते २० ग्रॅम शुद्ध प्रथिन. एन्झाइम खर्ची पडत नाही असं वर म्हटलं, मग इतकं का? कारण त्यातलं बरंचसं लिग्निनला चिकटून बसतं, चिखलात रुतलेल्या बैलासारखं. आणि घट्ट मालावर उरलेलंही सावकाश चालतं.

पाण्याचंही गणित अवघड असतं. काड इतकं पाणी पितं की लगद्यात घन भाग २० टक्क्यांच्या वर गेला की ते मिश्रण ओल्या शेणासारखं होतं, ढवळता ढवळत नाही. पाणी वाढवलं तर साखर पातळ होते, आंबवल्यावर अल्कोहोल पातळ येतो, आणि पातळ अल्कोहोल उकळून वेगळा काढायला वाफ जास्त लागते. या दोन्हींमधली चिंचोळी वाट काढणं हीच या कारखान्यातल्या माणसाची रोजची परीक्षा.

शेवटी यीस्ट घालून आंबवायचं. इथेही एक अडचण असते. हेमिसेल्युलोजमधून निघणारी मुख्य साखर झायलोज. पावाचं साधं यीस्ट ती खातच नाही. पाव भाग साखर अशी वाया घालवायची नसेल तर जनुकं बदललेलं यीस्ट लागतं.

एका टनातून किती?

आता एक हिशोब करू. एक टन कोरड्या काडात ३७० किलो सेल्युलोज धरा. साखळी तुटताना प्रत्येक सांध्यात पाण्याचा एक रेणू शिरतो, म्हणून त्याची साखर होते ४११ किलो. आंबताना साखरेच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ते टाळताच येत नाही. उरतं सुमारे २१० किलो इथेनॉल, म्हणजे साधारण २६५ लिटर. हे कागदावरचं, नुसत्या सेल्युलोजचं, एक कणही वाया न घालवता.

पानिपतच्या आखणीतला आकडा? २ लाख टनांतून ३ कोटी लिटर, म्हणजे टनाला १५० लिटर. काडातली ओल, न तुटलेला भाग, यीस्टची भूक हे सगळं वजा जाता हा आकडा वास्तवाला धरूनच आहे. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर निघतं. म्हणजे काड फुकट मिळालं तरी दर लिटरमागे अडीच पट माल हाताळावा लागतो, आणि तो मक्यासारखा पोत्यात भरता येत नाही.

उरलेलं लिग्निन मात्र वाया जात नाही. ते वाळवून बॉयलरमध्ये जाळतात आणि कारखान्याला लागणारी वाफ बरीचशी त्यातूनच काढतात.

“मग नुसतं ॲसिड घाला की, एन्झाइमची कटकट कशाला?”

शंका रास्त आहे. १८१९ मध्येच आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने कापडाच्या चिंध्यांवर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालून साखर काढून दाखवली होती. विसाव्या शतकात जर्मनीत आणि सोव्हिएत संघात लाकडापासून ॲसिडने साखर काढणारे कारखाने चाललेही. पण ॲसिडला थांबायचं कळत नाही. ते साखळी तोडतं आणि सुटलेल्या साखरेचेही तुकडे करतं. त्या तुकड्यांतून फरफ्युरालसारखे पदार्थ होतात, ज्यांनी यीस्टला विषबाधा होते. शिवाय ॲसिडने गंजणार नाही असं महाग पोलाद लागतं आणि शेवटी चुनखडी घालून ॲसिड मारलं की जिप्समचे ढीग उरतात. एन्झाइम सांधा तोडतं आणि तिथेच थांबतं, साखर शाबूत ठेवतं. सावकाश चालतं, पण नेमकं चालतं. म्हणून आज ॲसिडला थोडंसं काम आधी देतात आणि बाकीचं एन्झाइमवर सोपवतात.

“जनुकं बदललेली बुरशी बाहेर पडली तर?”

एन्झाइम बनवणारी बुरशी बंद टाकीत वाढवतात आणि एन्झाइम गाळून घेतलं की ती मारून टाकतात. कारखान्यात येतं ते बहुधा गाळलेलं प्रथिन. इथेनॉल उकळून काढताना तेही निकामी होतं. बदललेल्या यीस्टच्या बाबतीत सरकारी परवानगी लागते आणि लागायलाच हवी, कारण तिथे जिवंत पेशी हाताळल्या जातात. पण धोक्यांच्या यादीत मी हा मुद्दा खूप खाली ठेवेन. वरचे धोके पैशाचे आणि मातीचे आहेत.

“एवढं सगळं जमतं, तर परदेशातले कारखाने बंद का पडले?”

हे कुणी फारसं सांगत नाही, पण सांगायला हवं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ह्यूगोटन इथे अबेंगोआ कंपनीचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेला. आयोवात ड्यूपॉन्ट कंपनीचा कारखाना २०१५ मध्ये उघडला, दोन वर्षांत बंद. इटलीत क्रेशेंतीनोचा कारखाना २०१३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये थांबला. मालक बदलल्यावर २०२२ मध्ये पुन्हा चालू केला. रोमानियात पोडारीला क्लॅरियंटने नवा बांधला, तो डिसेंबर २०२३ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यांतल्या कुठल्याही ठिकाणी रसायनशास्त्र खोटं ठरलं नाही. प्रयोगशाळेत आपण स्वच्छ, कोरडं, सारखं दळलेलं काड घेतो. गाठोडीत येतं ते मातीसकट, दगडासकट, कधी ओलं, कधी बुरसटलेलं. यंत्रं तुंबतात, पाती झिजतात. अमेरिकेतल्या या प्रयत्नांच्या आधी तिथल्या ऊर्जा खात्याने पैसा ओतून एन्झाइमचा खर्च अनेक पटींनी खाली आणवला होता. पण काड गोळा करण्याचा, साठवण्याचा आणि वाफ देताना होणाऱ्या खोळंब्याचा खर्च तसा उतरला नाही. त्यात कच्चं तेल स्वस्त झालं.

साठवणीचं गणित तर आपल्याकडे आणखी अवघड. २ लाख टन म्हणजे रोजचे साडेपाचशे टन. पण भात कापणीनंतर गव्हाची पेरणी तोंडावर असते. शेतकऱ्याच्या हाती तीन-चार आठवडे. एवढ्या दिवसांत वर्षभराचा माल उचलायचा, गाठी बांधायच्या, रचायच्या, पावसापासून आणि आगीपासून वाचवायच्या. आणि एकट्या पंजाबात दरवर्षी सुमारे २ कोटी टन भाताचं काड निघतं. पानिपतसारखा एक कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरी त्या ढिगाचा शंभरावा भाग उचलेल. दिल्लीच्या धुरावर हा एकट्याने तोडगा ठरेल, असं कुणी सांगत असेल तर त्याने हा भागाकार केलेला नाही.

ब्राझीलमध्ये राइझेन कंपनीचं काम मात्र बरीच वर्षं टिकलं. पिरासिकाबाजवळचा तिचा पहिला कारखाना २०१४-१५ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये ग्वारीबाला वर्षाला ८.२ कोटी लिटरचा दुसरा मोठा सुरू झाला. तिथे कच्चा माल म्हणजे उसाचं चिपाड. ते गोळा करायला कुणाला शेतोशेती हिंडावं लागत नाही. ऊस गाळला की ते कारखान्याच्या आवारातच पडलेलं असतं, धुतलेलं आणि बारीक झालेलं.

“मग महाराष्ट्रात का नको?”

इथे मला सावध व्हावंसं वाटतं. तंत्र आपल्याकडे आहेच. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्राने स्वतःची पद्धत विकसित केली आणि तिच्यावर आधारलेला प्रात्यक्षिक कारखाना २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा राहिला. प्राजने २०१७ मध्ये दौंड तालुक्यात राहू इथे आपला प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. प्रश्न मालाचा आहे. आणि माल म्हटला की विचारायचं, हा कचरा आहे तरी कुणाचा?

ज्वारीचा कडबा आपल्याकडे कचरा नाही. दुष्काळी तालुक्यात त्याच्या पेंढीचा भाव पाहूनच लोक ज्वारी पेरायची का ते ठरवतात. कोकणातला पेंढा गुरांचा. उसाचं पाचट, जे हेक्टरी आठ-दहा टन निघतं, ते अजून पुष्कळ ठिकाणी पेटवतात ही खरी हळहळ. पण त्यावर कृषी विद्यापीठं गेली कित्येक वर्षं सांगताहेत तो उपाय साधा आहे. ते सरीतच राहू द्या, कुजू द्या. ओल टिकते, तण कमी येतं, मातीत सेंद्रिय कर्ब वाढतो. मराठवाड्यातल्या उपाशी मातीतलं पाचट उचलून टाकीत घालण्यापेक्षा तेच काम शेतातल्या बुरशीला करू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एन्झाइम तीच, टोळी तीच, फक्त साखर मातीतल्या जिवांच्या पोटात जाते.

विदर्भातल्या पऱ्हाट्यांचं वेगळं आहे. कपाशीची ती वाळलेली झाडं जनावर खात नाही, शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून ती उपटून काढावीच लागतात. तिथे उचलण्यात मातीचं नुकसान कमी आणि शेतकऱ्याचा फायदा जास्त. अडचण अशी की त्या लाकडासारख्या असतात, लिग्निन जास्त, म्हणजे लिंपण जाड.

राहिलं चिपाड. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो चिपाड निघतं, अर्धं पाणी असलेलं. ते आजही वाया जात नाही. कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो आणि उरलेल्यातून वीज करून विकतात. त्यामुळे चिपाडाचं इथेनॉल करायचं तर आधी चिपाड वाचवावं लागेल. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरऐवजी जास्त दाबाचा बसवायचा, रस आटवताना लागणारी वाफ कमी करायची, तेव्हा कुठे टनामागे काही किलो शिल्लक पडेल. ते वीज म्हणून विकायचं की साखर म्हणून फोडायचं, हे त्या वर्षीच्या विजेच्या खरेदीदरावर आणि टूजी इथेनॉलला मिळणाऱ्या भावावर ठरेल. आपल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत असा प्रकल्प मांडला गेला तर सभासदांनी पहिला प्रश्न एन्झाइमचा विचारू नये. टनामागे वाफ किती लागते, बॉयलर किती दाबाचा आहे आणि गाळप संपताना आवारात चिपाड किती उरतं, हे आधी विचारावं.